वीस जागांची अस्सल किल्ली

६ मे, सोमवार. सकाळी ८.४०
ज्या सर्व्हरवर एका वेळी वीसजणांना बसायची परवानगी आहे, तिथे आठजण बसले की नवव्याला "जागा शिल्लक नाही" असं का सांगितलं जातं? मला माहीत नाही. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून इथे कबूल करते. बाहेर "तांत्रिक तपासणी चालू आहे" एवढंच सांगितलंय.

आमच्या जिल्हा पशुवैद्यक कार्यालयात मला धरून बारा माणसं. विसातून बारा गेले की आठ उरतात. तीनदा करून पाहिलं. दोनदा कॅल्क्युलेटरवर.

लायसन्स मीच आणलं आहे, त्यामुळे टोमणेही माझ्याच वाट्याला. माझ्याआधी इथे मेलिस होता. त्याने चोरीची की, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, टाकून चार वर्षं सर्व्हर चालवला. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ती काढली. सोवेतबेक साहेबांना म्हटलं, मेंढ्यांच्या तब्येतीचा सरकारी दाखला चोरीच्या सॉफ्टवेअरमधून निघत असेल तर मेंढीचोराला आपण कुठल्या तोंडाने पकडणार? साहेब बराच वेळ चहा ढवळत बसले. चहात साखर नव्हती. मग सही केली.

२९ एप्रिलला अस्सल की आली. त्याच दिवशी मी सर्व्हरवर पहारेकरी बसवला. माझा स्वतःचा छोटा प्रोग्राम आहे. दर दहा मिनिटांनी तो माझ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरतो आणि शिरता आलं का, याची नोंद करतो. दिवसरात्र. कॉलेजातल्या माझ्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा सुबक जमलाय.

संकल्प: शुक्रवारपर्यंत दोष शोधणे.

दुपारी १.२०
आत कोण कोण बसलंय याची यादी सर्व्हरमध्येच मिळते. पण यादी बघायला आत जावं लागतं, आणि आत जायला जागा लागते. म्हणून सर्व्हर बंद करून चालू केला. तासाभराने यादी पाहिली. तीन माणसं, आणि "पहारा" नावाच्या सहा ओळी. म्हणजे पहारेकरी वेळेवर हजेरी लावतोय. या कार्यालयात एकजण तरी चोख आहे.

सर्व्हर बंद केला तेव्हा बातमा-एजे दोनशे मेंढ्यांच्या कानांतले बिल्ले क्रमांक टाकत होत्या. एकशे ऐंशी झाले होते. ते गेले. आमच्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर त्या. सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई म्हणतात. त्या काय म्हणाल्या ते वहीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही.

७ मे, मंगळवार
अंगणात एकवीस मेंढपाळ. काल चौदा होते. यंदापासून घाटाखालच्या नाक्यावर हाताने लिहिलेला दाखला चालत नाही, सर्व्हरमधून छापलेलाच लागतो. आणि १६ तारखेपर्यंत जो कळप घेऊन वर पोचणार नाही, त्याची कुरणातली जागा समिती दुसऱ्याला देते. सगळे मला हे अशा आवाजात सांगतात, जणू घाटात बर्फ मीच टाकलाय.

बातमा-एजे सगळ्यांसमोर म्हणाल्या, मेलिसची किल्ली चोरीची होती पोरी, पण दार उघडत होती. तुझी प्रामाणिक आहे, आणि आम्ही बाहेर. लोक हसले. मी म्हटलं, चोरीच्या किल्लीने उघडलेलं दार आपलं नसतं. यावर कोणी हसलं नाही. पटलं असावं.

सॉफ्टवेअर कंपनीला पत्र लिहिलं. दोन पानं. पहिल्या परिच्छेदात प्रामाणिक ग्राहकाची फसवणूक, दुसऱ्यात लहान देशांकडे बघण्याची वृत्ती. तासाभरात अल्माटीहून झारेमा नावाच्या बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं: कृपया सर्व्हरची लॉग फाइल पाठवा.

मुद्द्याला बगल देतात. कोण कधी आत आलं-गेलं याची ती नोंद पाठवणार नाही. घरातली भांडी मोजायला परक्याला का द्यायची?

९ मे, गुरुवार. सुट्टी
महायुद्धाचा विजयदिन. चौकात बँड वाजत होता. मी एकटी कार्यालयात. सर्व्हरमध्ये सहा वेळा गेले, सहाही वेळा आत घेतलं. एकदाही कुरकुर नाही.

म्हणजे की निर्दोष. सर्व्हर निर्दोष. दोष माणसांत आहे.

हे सोमवारीच लक्षात यायला हवं होतं. आपल्याकडे कुठल्याही रांगेत एक बाई उभी असते आणि चारजणींची जागा धरते. दूध, पासपोर्ट, दात काढणं, काहीही असो. हिच्या मागे मी, माझ्या मागे माझी नणंद, ती आत्ता येतेय. सर्व्हरवर तेच चाललंय! वीस जागा काही माणसांनी भरलेल्या नाहीत, नणंदांनी भरल्यात.

घरी आपाला, म्हणजे आईला, समजावून सांगितलं. ती माझ्या डिप्लोमावरची धूळ पुसत म्हणाली, माझी पण एक जागा धर गं तिथे. आमच्या घरात हाच प्रश्न आहे. शिकलेली मी एकटी.

१० मे, शुक्रवार
फलक लावला. "नियम १. जो कोणी सर्व्हरवर एकाहून जास्त जागा अडवेल त्याचं खातं दहा दिवस बंद. हुद्दा, वय, नातं पाहिलं जाणार नाही." खाली माझी सही. साहेबांची सही लागते का, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर लागली असती.

अकरा वाजता बातमा-एजे सापडल्या! दोन कॉम्प्युटर, दोन्हीवर त्याच. म्हणाल्या, एकावर मेंढ्या आणि एकावर गुरं, दोन्ही एकत्र आणली तर दोन्ही बुजतात. मी फलकाकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फलक पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, छान लिहिलंस, आता माझ्या वाटच्या मेंढ्या तू तपास.

खातं बंद केलं.

एका डॉक्टरचं काम बंद पडल्यामुळे दिवसभरात सोळाऐवजी अकराच दाखले निघाले. आकड्यांकडे पाहून खचायचं नाही. शिस्त आधी दुखते.

१३ मे, सोमवार
सकाळी अंगणात अता. माझे वडील. एकशे चाळीस मेंढ्या गावाबाहेर आसानकुल या दुसऱ्या मेंढपाळाच्या शेतात उभ्या करून आलेत. सोबत आणलेला चारा तीन दिवसांचा. रांगेत त्यांचा नंबर अठ्ठेचाळीस. मला पाहून उठले नाहीत, ओळखही दाखवली नाही. शेजारच्याने विचारलं, ती तुझीच ना? तेव्हा म्हणाले, इथे ती सरकारची आहे.

दुपारी साहेबांनी बोलावलं. वडिलांचा कागद आधी काढून टाक, कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघतेय. साहेब म्हणाले, पोरी, तुझ्यासारखी माणसं पुतळ्यात बरी. पुतळ्याला चारा लागत नाही.

नाहीच काढला. अठ्ठेचाळिसावा म्हणजे अठ्ठेचाळिसावा.

पण वेळ कमी आहे, हे खरं. म्हणून पहारा दुप्पट केला. आता दहाऐवजी दर पाच मिनिटांनी. जागा अडवणारा कोणी निसटता कामा नये.

१४ मे, मंगळवार
कोणालाच आत जाता येत नाही. सर्व्हर बंद करून चालू केला की तासभर चालतो, मग पुन्हा "जागा शिल्लक नाही." दिवसात चारदा बंद-चालू केला. नऊ दाखले. फलकाची धास्ती घेऊन सगळे एकेकाच कॉम्प्युटरवर बसलेत, मी फिरून डोकी मोजली. तरीही.

इतका निर्ढावलेला चोर मी पाहिला नाही. आता दोष पुन्हा कंपनीत आहे असं धरून चालते. दुसरं पत्र, तीन पानं. उत्तर: कृपया लॉग फाइल पाठवा.

१५ मे, बुधवार
मेलिस आला. हल्ली बाजारात मोबाइलची दुकानदारी करतो. खिशातून पेन ड्राइव्ह काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. अंगणात लोकांनी टोप्या काढून त्याचं स्वागत केलं. मला म्हणाला, बहिणाबाई, दोन मिनिटांचं काम आहे, तू तोंड फिरव हवं तर. मी म्हटलं, तोंड फिरवायला मी तुझी बायको नाही. डॉक्टर मंडळी टेबलावर थाप मारून हसली. या आठवड्यातला माझा एकमेव विजय.

साहेब म्हणाले, शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत तुझी किल्ली, नऊनंतर त्याची.

दुपारी अतांना चहा नेऊन दिला. (रांगेतल्या सगळ्यांनाच दिला, म्हणजे पक्षपात नाही.) चारा संपलाय, मेंढ्या आसानकुलचा कोवळा लसूणघास खातायत आणि तो मोजतोय. मी अतांना सगळं नीट समजावलं: वीस जागा, की, पहारेकरी. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, तुझा हा पहारेकरी बसतो कुठे?

मी म्हटलं, तो बसत नाही अता, तो पहारा देतो.

ते म्हणाले, आत जातो म्हणालीस ना? मग बाहेर कधी येतो?

मेंढपाळाला सॉफ्टवेअर समजावणं हे कोणाचंही काम नव्हे. मी भांडी उचलून आले.

१६ मे, गुरुवार
लॉग फाइल पाठवली. अतांच्या बोलण्याचा याच्याशी काही संबंध नाही. कंपनीला लेखी पुराव्यानिशी उघडं पाडायचं ठरवलं, इतकंच. सोबत एकच वाक्य लिहिलं: आता बोला.

पाच वाजता कुरण समितीचा माणूस अंगणात येऊन यादी वाचून गेला. तलावाकाठची अतांची जागा आसानकुलला. त्याच्या दाखल्याचा नंबर एकोणीस होता, परवाच निघालाय. आज दुपारीच वर पोचला. तेवीस वर्षं आम्ही त्या जागेवर उन्हाळा काढला आहे. माझे पहिले आकडे मी तिथेच शिकले, मेंढ्या मोजून. अतांना खिंडीपलीकडची जागा मिळाली आहे. तिथे पाण्यासाठी रोज दोन तास उतरावं लागतं. त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि शेजाऱ्याला म्हणाले, लांबचं गवत उंच असतं.

मी खिडकीतून ऐकलं. बाहेर गेले नाही. काम होतं.

१७ मे, शुक्रवार. सकाळी ८.१०
झारेमा बाईंचं उत्तर. या वेळी चार ओळी आहेत.

"आपलं लायसन्स व्यवस्थित आहे. 'पहारा' नावाचा वापरकर्ता 'अकिलाय' या कॉम्प्युटरवरून दर पाच मिनिटांनी आत येतो आणि बाहेर पडत नाही. प्रत्येक वेळी तो एक नवी जागा घेतो आणि ती दोन तास अडवून ठेवतो. कृपया तो बंद करा."

अकिलाय मी आहे.

सकाळी ८.२५
कागदावर मांडलं. दर दहा मिनिटांनी एक म्हणजे दोन तासांत बारा जागा. विसातून बारा गेले की आठ. नववा बाहेर. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे चोवीस. वीसच्या वीस खाऊन वर चार उरतात.

पहारेकऱ्याची कल्पना मुळात चूक नव्हती. त्याला बाहेर पडायला सांगायचं तेवढं राहिलं होतं. एक ओळ.

सकाळी ८.३०
बंद केला.

दुपारी ४.३०
बावन्न दाखले निघाले. अकरा डॉक्टर आणि कारकून, शिवाय मी, सगळे एकदम आत, तरी आठ जागा मोकळ्या. (बातमा-एजेंचं खातं मी सकाळीच उघडलं.) नऊ वाजता मेलिस आला, पाच मिनिटं दारात उभा राहिला आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून गेला. अठ्ठेचाळिसावा दाखला अठ्ठेचाळिसावाच निघाला. अतांनी तो दोन्ही हातांनी घेतला, शिक्का वाळेपर्यंत धरला. मी त्यांना दारातच सांगितलं, तुमची जागा माझ्या प्रोग्रामने घालवली. त्यांनी विचारलं, तुझी किल्ली चोरीची नव्हती ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग बाकीचं पुढच्या वेळी सावकाश सांग मला, मेंढ्या उपाशी आहेत. आणि गेले.

बाकी कोणाला अजून काही कळलेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, कंपनीला नमवलं पोरीने. मी "नमवलं असं नाही" एवढंच म्हणू शकले, ते सगळ्यांना विनय वाटला. एका म्हाताऱ्याने मूठभर कुरुत दिलं. खाल्लं. दह्याच्या त्या वाळलेल्या, खडबडीत गोळ्यांपैकी एकच, बाकीच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

१८ मे, शनिवार. सकाळी ११.००
हंगामामुळे आज कार्यालय चालू आहे. नऊ वाजता सगळ्यांना फलकापाशी बोलावलं आणि झारेमा बाईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चारही ओळी. मग बातमा-एजे म्हणाल्या, म्हणजे आठवडाभर आम्ही चोर शोधत होतो आणि चोर आमच्या जागा मोजत होता. साहेब म्हणाले, झालं गेलं, बसा कामाला, फलक काढून टाका.

मी म्हटलं, फलक राहील. हुद्दा, वय, नातं पाहिलं जाणार नाही असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. दोन जागांसाठी दहा दिवस असतील तर विसांसाठी निदान तेवढे तरी हवेतच. सगळ्यांसमोर खुर्चीत बसले. मशीनने विचारलं, नक्की? नक्की. माझं खातं बंद केलं.

बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी ताठ बसले.

बातमा-एजेंनी मागून चष्मा सावरला आणि विचारलं, ते ठीक आहे, पण पोरी, बंद झालेली खाती पुन्हा उघडतं कोण?

बंद झालेली खाती उघडायचा अधिकार या कार्यालयात एकाच खात्याला आहे.

मी म्हटलं, ते मला माहीत होतं.