मदरबोर्डावरचं कुंकू

दादा,

कम्प्युटरच्या सामानाला हात लावायच्या आधी हे वाच.

सकाळी तू प्रोसेसर बसवायचं अर्धवट सोडून ड्युटीवर गेल्ता, तवा मदरबोर्ड टेबलावर उघडाच राह्यला. आईनं त्याची पूजा केली. शिलाई मशीनला अन् तुझ्या गाडीला करती तशीच, हळदकुंकू वाहून. ते पडलं बराबर मधल्या चौकोनात, जिथं प्रोसेसर बसतो.

मी दुपारी पाह्यलं. कुंकू काढायला दात घासायचा जुना ब्रश घेतला, अन् तिथल्या बारीक पिना वाकल्या. सुईनं सरळ करायला गेले तर अजून दोन आडव्या झाल्या. मंग सोडून दिलं. अशा वाकड्या पिनांवर कम्प्युटर चालू होईल असं वाटत न्हाई. पिना मी वाकवल्या, आईनं न्हाई.

ग्राफिक्स कार्ड चांगलं घेता यावं म्हणून तू कॅबिनेट जुनं घेतलं, रॅम एकच घेतली. सहा महिने एकेक पार्ट निवडताना मी बघितलंय तुला. म्हणून तोंड दाखवायची हिंमत होईना. मावशीकडं आष्टीला चाललेय, उद्या येते.

आईला पिनांचं सांगितलं न्हाई. इतके दिवस ती याला "त्याचं खूळ" म्हणायची. आज पूजा करताना पहिल्यांदाच "आपला कम्प्युटर" म्हणली. तू आल्यावर चालू करताना फोडायचा म्हणून तिनं नारळ सोलून ठेवलाय.

आकांक्षा