इब्रीला निघण्यापूर्वी केलेली व्यवस्था

मी, शामला संजीव शेटे, वय वर्षे एकोणसत्तर, कायम राहणार विश्रामबाग, सांगली, सध्या मुक्काम मुलीच्या घरी, न्यूनेन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापत नाही आणि चष्मा नवा आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आग्रह मात्र आहे, आणि तो माझी एकुलती मुलगी उत्तरा हिचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवलाच, तर तो खोटा समजावा.

मला जीवघेणा आजार नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसला, तो नीट काम करतो आहे. येत्या चौदा जूनला मी ओमानमधल्या इब्री गावी चालले आहे. तिथे चाळीस दिवस राहून बारा मुलींना घरातले एसी दुरुस्त करायला शिकवणार आहे. हे वाक्य मी कच्च्या कागदावर तीनदा लिहून पाहिले. तिन्ही वेळा तेवढाच आनंद झाला.

कलम १. कारण

माझ्या वडिलांचे मिरजेला मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. दहावी होईपर्यंत मी पंख्याची मोटार डोळे मिटून गुंडाळत असे. लग्नानंतर पती संजीव यांना इब्रीला एसी मेकॅनिकची नोकरी लागली आणि चौऱ्याऐंशी साली आम्ही तिकडे गेलो. इब्री वाळवंटाच्या काठावर आहे. उन्हाळ्यात दुपारी पारा अठ्ठेचाळीसवर जातो, आणि हिवाळ्यात पहाटे इतके गार पडते की तोच एसी उलटा चालवून खोली ऊबदार करावी लागते.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात संजीव एका गच्चीवरून पडले. कमरेचे हाड मोडले. मालकाने दोन महिने थांबायचे कबूल केले. त्यानंतर व्हिसा रद्द होणार होता. तिसऱ्या आठवड्यात दुपारी एक म्हातारी दार वाजवू लागली. तिची सून झुवैना आठ दिवसांची बाळंतीण, मुलगा तेलाच्या कॅम्पवर, आणि खोलीतला एसी बंद पडलेला. घरात पुरुष नसताना परका मेकॅनिक बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकत नव्हता. संजीव पलंगावरून म्हणाले, "शामला, तू जातेस का? मी इथून सांगतो."

"इथून काय सांगणार? पेचकस कुठे ठेवलाय ते सांगा."

खोलीत एकेचाळीस अंश होते. बाळ रडतही नव्हते, त्याची मला जास्त भीती वाटली. एसीचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर नुसता घुमायचा आणि बंद पडायचा. ती घुमण्याची जात मला मिरजेपासून ओळखीची होती. झाकण उघडले तर मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर फुगलेला. त्यातली साठलेली वीज उतरवली आणि दुकानातून नवा आणून बसवला. वाळूने गच्च झालेली जाळी मोरीत धुतली. स्विच दाबल्यावर कॉम्प्रेसरने एकदा अंग झटकले आणि धरून चालू लागला. वीस मिनिटांनी बाळ कडाडून रडले. झुवैना हसत हसत रडत होती आणि मीही.

त्या आठवड्यात आणखी सहा घरांतून बायका मला बोलवायला आल्या. काम थांबले नाही, म्हणून दोन महिन्यांनी मालकाने व्हिसा रद्द केला नाही. पुढची बावीस वर्षे मी ते काम केले.

ते बाळ म्हणजे राया. ती आता इब्रीच्या तंत्रशाळेत शिकवते. झुवैनाचा आणि माझा दर ईद-दिवाळीचा फोन कधी चुकला नाही, म्हणून मार्चमध्ये राया इथे नेदरलँड्समध्ये, लायडनला परिषदेला आली तेव्हा थेट न्यूनेनला आली. माझ्या हातची भाकरी खाऊन तिच्या हिंदीत म्हणाली, "खाला, म्हणजे मावशी, माझ्या मुलींकडे सर्टिफिकेट आहे. पण एकीनेही चालू घरातला बिघडलेला एसी उघडलेला नाही. तुम्ही या."

"हिवाळ्यात येऊ?"

"हिवाळ्यात कुठे बिघडतात?"

मला हे उत्तर फार आवडले. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

उत्तरा ऑफिसातून आल्यावर घरात मोठे भांडण झाले. ती जवळच्या आइंडहोव्हन शहरात इंजिनीयर आहे. ती ज्या मशीनवर काम करते त्याला तापमानात अंशाच्या हजाराव्या भागाचाही फरक चालत नाही. ती म्हणाली, "आई, तुझं वय काय, तिथलं टेम्परेचर काय, काही विचार?" मी म्हटले, केला. ती म्हणाली, "मी तुला त्या गच्चीवर पडलेलं पाहिलंय. तू नाही पाहिलंस."

हे खरे आहे. एक्याण्णव साली एका गच्चीवर, भर दुपारी, मला ऊन लागले. उत्तरा अकरा वर्षांची होती, शाळेतून माझे पाणी घेऊन वर आली होती. तिने एकटीने मला ओढत टाकीच्या सावलीत नेले आणि सगळी बाटली माझ्या डोक्यावर ओतली. चौतीस वर्षांत ती याबद्दल दोनदाच बोलली आहे. त्या दिवशी ती शेवटी चिडून म्हणाली, "जायचंच असेल तर आधी विल लिही आणि जा." मी कागद मागितला. ती थक्क झाली, पण कागद तिनेच आणून दिला.

कलम २. सांगलीचे घर

विश्रामबागेतला दोन खोल्यांचा फ्लॅट उत्तराला द्यावा. तिने विकावा किंवा ठेवावा. पश्चिमेच्या खिडकीतला एसी मी स्वतः बसवला आहे. तो विकणाऱ्याने किंवा विकत घेणाऱ्याने काढू नये, पाणी बाहेर पडावे म्हणून त्याला मागे अर्धा इंच उतार दिलेला आहे आणि असा उतार आजकाल कोणी देत नाही.

कलम ३. बांगड्या

सोन्याच्या चार बांगड्या नात संहिता हिला द्याव्यात. त्या जवळजवळ नव्या आहेत. विजेच्या कामात हातात धातू चालत नाही, म्हणून मी त्या बावीस वर्षे घातल्या नाहीत. माझे दीर उल्हास यांनी पुतणीच्या लग्नात भर पंगतीत म्हटले, "भाऊ जिवंत आहे आणि वहिनींचे हात मोकळे." सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. उजव्या हाताच्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता, तोही त्यांनी पाहिला असेल. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते: उल्हासभावजी, त्या वर्षी तुमच्या मुलाची इंजिनीयरिंगची फी त्या मोकळ्या हातांनी भरली होती. ती मला परत नको आहे. तुम्हाला ठाऊक असावे एवढेच.

संहिता, तू मराठी समजतेस आणि डचमध्ये उत्तर देतेस, तरी हे तुला कळेल. बांगड्या घाल. मशीन उघडण्याआधी काढ.

कलम ४. सन्मानचिन्ह

दोन हजार तीन साली इब्रीच्या व्यापाऱ्यांनी संजीवना 'उत्कृष्ट कारागीर' म्हणून लाकडी सन्मानचिन्ह दिले. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून नावही त्यांचे. मी बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. संजीव चिन्ह हातात घेऊन खाली उतरले आणि मंचावर माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बाराव्या दिवशी ते म्हणाले, "मला लाज वाटली गं. म्हणजे, तुझी नाही. माझी." मग आम्ही दोघे जेवलो.

त्यांची बाजूही लिहून ठेवणे मला भाग आहे. पडल्यानंतर त्यांना शिडी चढता आली नाही. ते फोन घेत, तक्रार ऐकूनच बिघाड ओळखत, मी परतेपर्यंत भात लावून ठेवत. गॅस भरायला त्यांनीच मला शिकवले, आणि मी त्यांच्यापेक्षा चांगला भरते हे त्यांनी स्वतःहून मान्य केले, पण फक्त घरात. दोन हजार सोळाला ते गेले. सन्मानचिन्ह उत्तराने ठेवावे. त्यावर माझे नाव कोरून घ्यावे की नाही, हे तिने ठरवावे. मला दोन्ही चालेल.

कलम ५. ठेव

बँकेतली मुदत ठेव निम्मी संहिताच्या शिक्षणासाठी, निम्मी रायाच्या वर्गासाठी. वर्गाच्या पैशातून भिंतीवर टांगायचे पोस्टर घेऊ नयेत. खरे, जुने, वाळूने भरलेले एसी विकत घ्यावेत.

कलम ६. वह्या

माझ्या सतरा वह्या रायाला द्याव्यात. प्रत्येक घराचे नाव, बिघाड आणि तो कसा सापडला हे त्यात मराठीत लिहिले आहे. उत्तराने त्यांचे इंग्रजी करून द्यावे, घाई नाही. सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला शब्द 'जाळी' आहे. वाळवंटात निम्मे एसी मरत नाहीत, गुदमरतात.

कलम ७. सायकल

माझी निळी सायकल शेजारच्या आन्के बाईंना द्यावी. एकसष्टाव्या वर्षी मला सायकल त्यांनी शिकवली. गेल्या जूनच्या उकाड्यात त्यांचा नवा हीट पंप, म्हणजे थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारे मशीन, घर गार करेना. कंपनीने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. मी नुसती बाहेर उभी राहून ऐकले, मग मागे जाऊन पाहिले, तर पॉप्लरच्या झाडांचा कापूस पंख्यामागच्या पत्र्यांच्या फटींत गच्च बसला होता. इथे गॅसच्या नळ्यांना हात लावायला वेगळा परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. मी हात लावलाही नाही. वीज बंद करून मऊ ब्रशने आणि पाण्याने कापूस काढला. संध्याकाळी आन्के बाई स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आल्या. इब्रीची वाळू आणि न्यूनेनचा कापूस, मशीनला दोन्ही सारखेच. त्या दिवशी मला कळले की माझे कान अजून शाबूत आहेत. रायाला हो म्हणताना मला हेच आठवत होते.

कलम ८. तिकडेच काही झाले तर

मी सकाळी साडेदहानंतर गच्चीवर चढणार नाही, असे उत्तराला वचन दिले आहे आणि ते पाळणार आहे. तरीही इब्रीत माझा मृत्यू झाला, तर देह विमानाने आणण्याचा खटाटोप करू नये. जवळ जिथे सोय असेल तिथे अग्नी द्यावा. झुवैनाला रडू द्यावे, पण वर्ग एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये. ज्या घरातला एसी उघडा पडला असेल, तो आधी झाकण लावून चालू करून द्यावा.

कलम ९. हत्यारे

माझी हत्यारांची पिशवी, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे गेज, नळी रुंद करायचे हत्यार, तारेभोवती धरून वीज मोजायचे क्लॅम्प मीटर, तीन पेचकस आणि मऊ ब्रश, त्या बारा जणींपैकी जी पहिल्यांदा एकटी एखाद्या घरात जाऊन खोली गार करून येईल तिला द्यावी. माझ्या घरात ती कोणालाच नको आहे.

कलम १०. वरील कलमात दुरुस्ती

इथवर लिहून झाल्यावर मी कागद उत्तराला वाचायला दिला. ती स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचत होती. बांगड्यांपाशी थांबली, सन्मानचिन्हापाशी खुर्चीवर बसली. शेवटच्या पानावर आल्यावर म्हणाली, "आई, 'कोणालाच नको आहे' हे तुला कोणी सांगितलं?"

"तू त्या पिशवीकडे कधी बघतसुद्धा नाहीस."

"मला त्या पिशवीची भीती वाटायची. ती दारात नसली की तू कुठल्यातरी गच्चीवर असायचीस."

"मग?"

"मग काय. मी इंजिनीयर का झाले असं वाटतं तुला?"

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. ती पिशवी तिने आतून आणली, टेबलावर एकेक हत्यार मांडले आणि गेजची काच रुमालाने पुसली. मग विचारले, "हे कसं वाचतात, दाखव ना." मी दाखवले. दोन तास दाखवले. जेवण राहून गेले, संहिताने स्वतःच पास्ता केला आणि ताटल्या आमच्या हत्यारांमध्ये जागा करून ठेवल्या.

म्हणून कलम ९ रद्द करते. हत्यारांची पिशवी माझ्या पश्चात माझी मुलगी उत्तरा हिची. इब्रीच्या पहिल्या मुलीला नवी पिशवी घ्यावी. तिचे पैसे उत्तरा देणार आहे, असे तिने स्वतः म्हटले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. चाळीस दिवस मात्र पिशवी माझ्याकडेच राहील. तशी परवानगी मी आज तिच्याकडून घेतली आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे.

ठिकाण: न्यूनेन
दिनांक: १ जून २०२५

(सही) शामला संजीव शेटे
व्यवसाय: एसी मेकॅनिक

साक्षीदार:

१. (सही) आन्के फान डेन बेर्ख, शेजारी. मजकूर मराठीत असल्याने मला वाचता येत नाही. शामला यांनी माझ्यासमोर सही केली हे मी पाहिले. आम्ही दोघा साक्षीदारांनीही त्यांच्यासमोर सही केली. (आन्के बाईंनी सांगितले तसे प्रतीकने मराठीत लिहिले.)

२. (सही) प्रतीक दामले, आइंडहोव्हन, उत्तराचा सहकारी. मी मजकूर वाचला आहे. मावशींनी सही करताना पेन माझ्याकडून घेतले आणि परत करताना म्हणाल्या, "चल, आता बॅग भरायला घेते."