निळ्या शालीतल्या बाईच्या तीनशे प्रती

३ मार्च
आले एकदाची! छापखान्याच्या खिडक्या ऐसपैस, उजेड भरपूर. काम ऐकून ताईने मिठीच मारली: निळ्या शालीतल्या बाईची ती जगप्रसिद्ध तसबीर मला तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचीय. पत्र्याला मेण लावायचं, सुईने रेषा ओढायच्या आणि अ‍ॅसिडात बुडवायचा. रेषा ओढल्या तिथलंच तांबं अ‍ॅसिड खातं. छापायचं काम काकूंकडे. सगळे त्यांना काकूच म्हणतात. काळा चष्मा, तोलूनमापून बोलणं. मालक, म्हणजे मास्तर, भलतेच गोडबोले.

१९ मार्च
पहिली प्रत निघाली. बाईच्या ओठांच्या कोपऱ्यातला तो किंचित तिरस्कारसुद्धा उतरलाय. खाली नाव मात्र मास्तरांचं! विचारलं तर म्हणाले, पद्धतच आहे इथली. तळपायाची आग मस्तकात गेली.

२८ मार्च
शंभर प्रती झाल्या. माझ्या तळहातांवरच्या रेषा पुसट झाल्यात. अ‍ॅसिडमुळे असेल. पण चिडल्यावर कपाळाला पडणारी आठीही गेलीय, आणि हल्ली मी दिवसभर चिडलेलीच असते.

४ एप्रिल
दोनशे. भुवया विरळ. ताईने दार उघडलं आणि कोण पाहिजे, असं विचारलं. सख्ख्या बहिणीने! मी ओरडले तेव्हा आवाजावरून ओळखलं. मग रडत बसली.

५ एप्रिल
मास्तरांपुढे हात धरले. पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणाले, प्रत्येक प्रतीत कारागिराचं थोडं जातंच, आणखी शंभर हव्यात. माहीत होतं मेल्याला! पहिल्या दिवसापासून!

६ एप्रिल
काकूंना म्हटलं, पत्राच खरवडून टाकते. त्यांनी चष्मा काढला. पूर्वी त्याही पत्रे कोरायच्या; आपल्या पत्र्यावरच्या चित्राचा एक डोळा त्यांनी खरवडला होता, अशाच रागाच्या भरात. त्यांच्या त्या डोळ्याच्या जागी आता नुसती कातडी. सपाट. म्हणाल्या, बाई गं, पत्र्याला हात लावू नकोस. पळ इथून.
पळून काय? तो मेला मास्तर छापतच राहणार.

७ एप्रिल, सकाळी
नाक — जेमतेम उरलंय.
आतून कडी घातलीय. मेण नसलेल्या पत्र्याचा फक्त कोपरा अ‍ॅसिडात बुडवला. तिचा डावा खांदा गेला. माझा — आई गं —
काकू दार बडवताहेत, नको नको म्हणून. मास्तरही आलाय. ओरडतोय, पत्रा वाचवा. पत्रा! मी नाही, पत्रा!
घे. छाप आता. सोडते पुरता — गळा — हनुवटी — उजवा हा