नववीची खूण

९ जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी मी भिंगरीच्या सायकलची हवा सोडली. दोन्ही चाकांची.

ही आत केस विंचरत होती. रंगाच्या कारखान्यात नऊ वाजता मुलाखत. कालच सांगून ठेवलं होतं, "मी भिंगरीची सायकल नेईन, बसचा भरवसा नाही." मी नुसतं हं म्हटलं. सकाळी रोजच्यासारखी सायकल पुसली, चेनला तेलाचं बोट फिरवलं, आणि पुसता पुसताच खाली बसून व्हॉल्व्ह सैल केला. आवाज होऊ नये म्हणून वर फडकं दाबून धरलं. जन्मभर लोकांच्या चाकांत हवा भरून पोट भरलं – आणि आज हे!

ही बाहेर आली. "पंक्चर आहे," म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

हिने चपला घातल्या आणि बसने गेली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. "उशीर झाला. जागा भरली म्हणाले."

भिंगरीला जाऊन चार वर्षं होऊन गेली. आमची एकुलती एक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. ताप आला, डॉक्टर म्हणाले पाण्यातून आलाय, आणि आठ दिवसांत घर रिकामं. पुढच्या वर्षी हिने त्याच कॉलेजात नाव घातलं. तोच विषय, रसायनशास्त्र. भिंगरीच्याच वह्या, भिंगरीचाच पांढरा कोट. लोक हसले. मी हसलो नाही, पण शाब्बासही म्हटलं नाही. गेल्या महिन्यात पास झाली. पंचेचाळिसाव्या वर्षी आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली पदवीधर! आता पहिली नोकरी शोधतेय.

आणि मी तिच्या चाकातली हवा काढतोय.

१० जानेवारी

जेवायला बसलो तर ताटाशेजारी दोन काळ्या टोप्या. व्हॉल्व्हच्या. खिडकीत विसरलो होतो. हिने वाढलं, आणि आत जाऊन बसली.

सायकलवाल्याच्या बायकोला पंक्चर आणि सोडलेली हवा यांतला फरक कळणार नाही, असं मला वाटलं तरी कसं!

१४ जानेवारी

आज दुकान बंद ठेवून हिच्याबरोबर गेलो. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता. मी बाहेर बाकावर बसलो. खिडकी उघडीच होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. वाईट माणूस वाटला नाही. म्हणाला, "बाई, अर्ज मुलीचा आहे ना? मग तिलाच यावं लागेल. आईला पाठवून कसं चालेल?"

मी बाकाची कड धरली.

मग हिचा आवाज, "नाही हो. माझाच आहे."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवतील."

बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. मी ऐकलंय हे तिला माहीत, आणि तिला माहीत आहे हे मला.

१८ जानेवारी, रविवार

आज पुष्कळ दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला. काल कुठल्याशा औषध कंपनीत ही गेली होती. बाहेर सगळी वीस-बावीसची पोरं बसलेली. ही आत शिरताच सगळी ताडकन उठून उभी राहिली! मुलाखत घेणारी बाई हीच, असं वाटलं त्यांना. एक जण तर फाइल पुढे करून उभा. ही म्हणाली, "बसा रे बाबांनो, मी पण तुमच्यातलीच."

सांगता सांगता ही हसली. मीही हसलो. मग दोघांची नजर एकदमच बाहेरच्या खोलीतल्या सायकलकडे गेली, आणि हसणं तिथेच थांबलं. भिंगरी असती तर त्या पोरांच्या एवढीच असती.

नोकरी मिळाली नाही, हे सांगायलाच नको.

२८ जानेवारी

मिळाली!

गावाबाहेर पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत. पहिला महिना कच्ची नेमणूक. काम पाहून मग कायम करणार. तिथला साहेब पोरसवदाच आहे. त्याने विचारलं म्हणे, "काकू, या वयात पाणी तपासायचं कुठून मनात आलं?"

ही म्हणाली, "लोकांना प्यायचं असतं म्हणून."

हे मला सांगताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असावी. मी म्हणालो, "बरं झालं." एवढंच. वीस वर्षांच्या पोरीला नोकरी लागली असती तर सगळ्या गल्लीला सांगत फिरलो असतो.

१ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून हिचं काम सुरू. साडेसहाला हजर व्हायचं. पहिली बस सातची. म्हणजे पुन्हा सायकल.

आठवडाभर दुकानात बसून एक लेडीज सायकल तयार केली. चाकांची आउट काढून ती सरळ केली, नवे ब्रेक, नवी सीट. संध्याकाळी दारात आणून उभी केली.

"ही घे."

"मला भिंगरीची हवी."

"अगं, ही हलकी आहे तिच्यापेक्षा."

"मला हलकी नकोय."

"मग मी सोडत जाईन. कॅरिअरवर बस."

"अहो, मला कुणी सोडायला नको. मला जायचंय." मग म्हणाली, "तुम्ही तिची सायकल रोज पुसता, हवा भरता, तेल घालता. कुठे जाऊ मात्र देत नाही."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "वह्या घेतल्यास. कोट घेतलास. वर्गातलं तिचं बाक घेतलंस. आता सायकल! तिचं म्हणून काही शिल्लक ठेवणार आहेस की नाही?"

निघून गेलं तोंडातून. ही भिंतीला टेकून खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं. बसल्या बसल्याच म्हणाली, "घेतलं नाही हो मी. वापरलं. ठेवून दिलं असतं तर वाळवीने खाल्लं असतं."

पाय धरून क्षमा मागायला हवी होती. मी उठून दुकानाचं कुलूप नीट लागलंय का ते बघायला गेलो.

२ फेब्रुवारी

पहाटे अंधारातच पायी गेली. नवी सायकल दारात तशीच उभी.

६ फेब्रुवारी

दुकानाशेजारचा इस्त्रीवाला सगळ्यांची खबर ठेवतो. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मालक, सायकलवाल्याची बायको पायी? हवा महाग झाली की काय?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तो बिचारा गंमतच करत होता. माझ्या मात्र हातातला पंप तसाच राहिला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सायकल पुसताना मनात आलं, मी रोज आधी सायकल पुसतो आणि मग देवापुढे बसतो. चार वर्षं हाच क्रम. म्हणजे मी दोन ठिकाणी हात जोडतोय, आणि देवाचा नंबर दुसरा!

सीटच्या दांडीवर कानशीने मारलेल्या चार रेघा आहेत. भिंगरी आठवीत गेली तेव्हा सायकल घेतली. तेव्हाची रेघ सगळ्यात वर. मग नववी, दहावी, आणि सगळ्यात खाली कॉलेजची. पोर उंच झाली की सीट वर सरकवायची, आणि दांडी नळीतून जिथे बाहेर येते तिथे रेघ मारायची. ती पाठीमागे उभी राहून कटकट करायची, "बाबा, लवकर! घंटा होईल." एक मिनिट स्वस्थ उभी राहील तर शपथ. म्हणून तर भिंगरी.

कॉलेजच्या रेघेवर सीट थांबली आहे. हिला द्यायची तर सीट हलवावी लागणार. ती हलवली की थांबलेलंही गेलं, असं वाटतं मला. हे हिला सांगता येत नाही.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, देवाकडे मागायचं ते मोठ्याने मागा, म्हणजे भलतंसलतं मागायची लाज वाटेल. आज ही बाहेर गेल्यावर मोठ्याने मागून पाहिलं, "देवा, सायकल आहे तिथेच राहू दे."

स्वतःचाच आवाज ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी झोपणाऱ्या माणसासाठी काही मागितलं नाही. एका लोखंडासाठी मागितलं.

तरीही काही केलं नाही. फडकं खुंटीला लावलं आणि दुकानात गेलो.

१२ फेब्रुवारी

हिच्या दोन्ही टाचा फुटल्या आहेत. बादलीत पाय सोडून बसली होती. मला पाहून पाय झाकायला गेली, पण पाण्यात कसे झाकणार!

साहेबाने आज बजावलं म्हणे, "काकू, तुमचं काम चोख आहे. पण साडेसहाचा नमुना साडेसहालाच घ्यावा लागतो. सातला सगळ्या शहराला पाणी सुटतं. आठवड्यात दोनदा उशीर झाला. पुन्हा झाला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"चुकलं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नवरा सायकलवाला आहे म्हणून सांगू?"

टोमणा नव्हता तो. दमून बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी

आज ही निघाल्यावर मीही मागून गेलो. बरंच अंतर ठेवून, हातात माझी दुकानातली सायकल धरून, चालतच. चढावर ही दोनदा थांबली. दुसऱ्यांदा मैलाच्या दगडावर टेकली, चपलेत फडक्याची घडी सरकवली आणि पुन्हा उठली. मागे वळून एकदाही बघितलं नाही. शेवटी शेवटी तर धावत होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, पांढरा कोट काखोटीला मारून अंधारात एकटी धावतेय!

मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. आवारात नळ आहे, वर दिवा. हिने कोट चढवला, बाटली भरली, बूच लावलं, आणि दिव्यासमोर धरून बघत राहिली. कितीतरी वेळ.

मला दवाखाना आठवला. डॉक्टर पाण्याचं बोलले त्यानंतर भिंगरीच्या तोंडाला पेला लावण्याआधी ही दर वेळी तो उजेडात धरून बघायची. तेव्हा तिला काही दिसायचं नाही. दिसणार तरी काय? त्यासाठी शिकावं लागतं.

ते शिकली ती. कुणाची जागा घ्यायला नव्हती गेली. आणि मी तिला काय बोललो!

घरी येऊन पाना घेतला आणि सीटखालचा नट ढिला केला. सीट हलेना. दांडी गंजून नळीत घट्ट बसली आहे. चार वर्षं सगळी सायकल पुसली, हा एवढा नट तेवढा कधी सोडला नाही.

१७ फेब्रुवारी

रात्रभर सांध्यात तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी लाकडी ठोकळा लावून ठोकलं. काही नाही. पुन्हा तेल. गिऱ्हाइकाची असती तर कापून काढली असती. भिंगरीची कापवत नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. मग तेलाची बुधली हातात आणून दिली.

आज देवापुढे बसलो तेव्हा सायकल पुसायची राहिलीच होती. काही मागितलं नाही. डोळे मिटून बसलो. ही येऊन शेजारी बसली. चार वर्षांत ती या कोपऱ्यात आली नव्हती. हात जोडले नाहीत तिने. नुसती बसली. मी क्षमा मागितली. कुणाची, ते दोघींनाही कळलं असेल.

१८ फेब्रुवारी

पहाटे दांडी सुटली.

हिला शेजारी उभं केलं आणि सीट कमरेशी आणली. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याची उंची मला नजरेनेच कळते. हिची कधी बघितली नव्हती. नळीच्या तोंडाशी बरोबर नववीची खूण आली. त्या वर्षी मायलेकी एकमेकींचे कपडे घालायच्या.

खालच्या दोन रेघा नळीत गेल्या. मी नट आवळला.

ही वेळेवर पोचली.