गर्जाबाईचा आवाज

ता. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला बोलायची बंदी, म्हणून हा पत्राचा उद्योग. काका सांगत होते, तू पाटी घेऊन घरभर फिरतेस आणि लिहिलेलं कुणी पटकन वाचलं नाही की पाटीच आपटतेस. घशातली गाठ काढली, तपासणीचा निकाल यायचाय, एवढंच ते बोलले. पुढे विचारलं की विषय बदलतात.

सोबत माझ्या चित्रकादंबरीची पानं आहेत. गर्जाबाई राक्षसिणीला बघून रागावू नकोस. तिच्या हाकेनं डोंगरावरचे बकरे गडगडत खाली येतात, हे तलावावर पोरांना पोहायला शिकवताना तू मारतेस त्या हाका ऐकूनच सुचलं. पुढे एक चेटक्या तिचा आवाज बरणीत भरून पळवतो आणि गावातली दोघं बहीणभाऊ एका रुसक्या ढगावर बसून तो आणायला निघतात. हे तुझं दुखणं निघायच्या आधीच ठरलं होतं, शपथ! आता शेवट काढायला बसले की हातच चालत नाही. संपादकबाईंना मी रंग वाळतोय म्हणून थापा मारतेय.

काळजी घे, आणि पाटीवर का होईना, रागावत राहा.

तुझी,
बेडकी

ता. ८ मार्च

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

राक्षसीण केलंस, चालेल. पण एवढं पोट? काकांना पान दाखवलं, तर ते हसायला दुसऱ्या खोलीत गेले.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आवाज गेल्यापासून तू तिला कोपऱ्यात बसवून नुसतं रडवते आहेस. आवाज गेला म्हणून बाईचे हातपायही गेले का? परवा मी नळदुरुस्तीवाल्याशी नुसत्या भुवयांनी भांडले आणि जिंकले. उठव तिला. त्या चेटक्याच्या मागे लाव.

भीती मलाही वाटते. दुपारी घरात कुणी नसलं की जास्त. पण म्हणून मी कोपऱ्यात बसलेली नाही. निकाल पुढच्या आठवड्यात.

पोटभर जेव, थापा कमी मार.

तुझी मावशी

ता. १५ मार्च

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

गाठ साधी निघाली. आता पुढे काही करायला नको. हे आधी लिहिलं, कारण तुला धीर नाही. काका डॉक्टरांच्या खोलीतून निघाले ते दुसऱ्याच कुणाची छत्री घेऊन.

डॉक्टरांनी 'आ' म्हणायला लावलं, तर बिजागरी कुरकुरल्यासारखं काहीतरी निघालं. आता हळू बोलायला हरकत नाही, पण पहिल्यासारखा आवाज बहुधा येणार नाही म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

काल तलावावर जाऊन आले. काठावरून बोलायला लागले, तर मागच्या पोरांना ऐकूच जाईना. मग ती पोहत पोहत पुढे आली आणि काठ धरून, माझ्याकडे कान करून थांबली. इतकी वर्षं मी तोंड उघडलं की हीच लांब पळायची! इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. एकीच्या गालाला खळी पडते, ते काल कळलं.

माया आहेच, ती काही घशात नव्हती.

तुझी मावशी

ता. २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पहिलं वाक्य वाचलं आणि मी आधी रडले, मग शाई सांडली, मग कितीतरी वेळ एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी शेवट काढला. गर्जाबाई स्वतःच बरणी फोडते, पण आवाज निघतो उंदराएवढा. चेटक्याला काही ऐकू येत नाही, म्हणून तो वाकून कान पुढे करतो, आणि ती तोच कान पिरगाळते! मग कायम कानात बोटं घालून बसणारं गाव हळूहळू तिच्याभोवती गोळा होतं. संपादकबाई म्हणाल्या, असंच छापायचं.

आणि कालच्या फोनबद्दल माफ कर. कोण बोलतंय म्हणून मी दोनदा विचारलं. मग तू मला गाढव म्हणालीस, तेव्हा कुठे ओळख पटली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

लोभ असू दे; रागावणं घशाला झेपेल तेवढंच.

तुझी,
बेडकी