थुंकीच्या घरट्यातला बाप

आषाढ शुद्ध ५, शके १८६५

माझ्या लेकाचा, बद्रीनाथचा दोस्त कडूबा हैद्राबादहून आला. तिथं एका नवाबाच्या बंगल्यावर मासे सांभाळतो. ह्याला नोकरी म्हणतात! येताना काचेची हंडी अन् दोन मासे घेऊन आला. म्हणे काकी, तुमच्या नातवाला भेट. मी म्हणलं, नातवाला झबलं आणायचं असतं. हे ना खायच्या कामाचं, ना राखणीच्या. एक निळा-तांबडा, लुगड्याच्या घोळासारखं शेपूट. दुसरा मळकट. नटलेली ती बायको, मळकट तो नवरा. एका नजरेत ओळखलं. कडूबाला इचारायची गरज पडली न्हाई.

आषाढ शुद्ध ६

बद्रीनाथला शेठनं मंठ्याच्या कापसाच्या दुकानावर धाडायचं ठरवलं. श्रावण लागला की जायचं. नंदाला अन् पोरालाबी नेतो म्हणे. नंदाला माय न्हाई, म्हणून तर माझ्या सुनेचं बाळंतपण मी केलं. आत्ता कुठं सव्वा महिना झाला. मंठ्याला घरात बाईमाणूस न्हाई, पोराला कोण बघणार? तर म्हणे, मी हाये की, माय.

हा गडी पोराची दुपटी धुतो. अंगणात, भर उजेडी! शेजारच्या झुंबरबाईनं पाह्यलं. म्हंजे आता सगळ्या जालन्याला माहीत.

ठरवलं. पोर इथंच राहील, माझ्या हाताखाली. नंदाबी. तो जाईल एकटा.

आषाढ शुद्ध ९

हंडीत वर फेस. साबण पाडला म्हणून नंदावर ओरडले. साबण न्हाई. नटवी तोंडातून बुडबुडे काढून वर चिकटवून राह्यली. थुंकीचं घर! शी. पण बाई कामसू. मळकट्या नुसता कोपऱ्यात, आमचे हे बसायचे तसा. बद्रीनाथला बोलावून दाखवलं, बघ, घर कोण बांधतं ते. तो पोराचं दुपटं बदलायला निघून गेला. पटलं असणार.

आषाढ शुद्ध १३

लिहायचीबी लाज. नटवीनं मळकट्याला विळखा घालून पिळलं, अन् अंडी मळकट्यातून पडली! वर नटवीनं ती तोंडात भरून फेसात नेऊन थुंकली. पदर तोंडाला लावून उठले.

कडूबाला बोलावलं. तो पोट धरून हसला. म्हणे काकी, रंगीत तो नर हाये. घर बापच बांधतो, अंडी बापच राखतो. आईला जल्दी बाहेर काढा, न्हाईतर खाऊन टाकील. आई खाईल म्हणे! मिशा आलेल्या माणसानं असं बोलावं? मळकटीला तांब्यात टाकून गेला, तिला डासाच्या आळ्या खायला घाला म्हणाला. कशाला? अंडी घातलेल्या आईला भूक लागत न्हाई. माया असती.

बद्रीनाथ दात काढून राह्यला. मी म्हणलं, नवाबाघरचे मासे, तिथं सगळंच उलटं. पण पोरं आईच सांभाळती. तर म्हणे, लाव शर्यत माय. आईनं अंडी सांभाळली तर नंदा अन् बाळ तुझ्यापाशी ठेवून एकटा जातो. मी म्हणलं, बोललास! नंदा हसत नव्हती. पोराला छातीशी धरून हंडीकडं बघत बसली.

आषाढ शुद्ध १४, सकाळ

बाप फेसाखाली उभा. अंडं घसरलं की तोंडात धरून वर. परत घसरलं, परत वर. खाणं न्हाई, पिणं न्हाई. इकडं बद्रीनाथ पोर खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालतोय, अंगाई म्हणतोय, बेसूर. दोघं बराबर माझ्या डोळ्यांसमोर.

इचार केला. बाप हटला न्हाई तर आईला सांभाळायला मिळणार कसं? शर्यत सरळ झाली पाहिजे. कडूबाला काय कळतं, त्याचं लग्नच झालेलं न्हाई.

आषाढ शुद्ध १४, दुपार

नंदा नहाणीत, बद्रीनाथ दुकानात. पळीनं बापाला काढला. पळीतून उडून चुलीपुढच्या राखेत पडला. राखेसकट उचलून तांब्यात टाकला. काय डोळे वटारले! आमच्या ह्यांची असं बघायची कधी टाप झाली न्हाई.

आईला हंडीत सोडली. सरळ फेसाकडं गेली. आईचं काळीज! एकेक अंडं तोंडात घेऊन राह्यली. नीट लावत असणार. पुरुषानं लावलेलं कधी जागेवर असतं का? मी समाधानानं आडवी झाले. उद्याच बद्रीनाथला सांगायचं, तुझी वळकटी एकट्याचीच बांध.

आषाढ शुद्ध १४, दिवेलागण

फेसात अंडी न्हाईत. एकबी न्हाई. आईचं पोट फुगलंय.

पोटात ठेवली असतील. सांभाळायला.

आषाढ पौर्णिमा

ठेवलेली न्हाईत.

मी सांगितलं, दृष्ट लागली. बद्रीनाथ म्हणे, माय, निळा तांब्यात कसा गेला? मी म्हणलं, त्याला जरा आराम दिला. कडूबा म्हणे, काकी, उपाशी बाईपुढं ताट वाढलंत. मी म्हणलं, तुला कोणी इचारलं? नंदा पेटीत कपडे भरताना गुणगुणत होती. मी ऐकलं.

बापाला परत हंडीत टाकला. रिकाम्या फेसाखाली जाऊन उभा राह्यला. बेअक्कल. वर काही उरलं न्हाई, एवढंबी कळत न्हाई त्याला. मला बघवेना. हंडीवर फडकं टाकलं.

आषाढ वद्य १०

शर्यत मासोळ्यांची होती, माणसांची न्हाई. म्हणून आज पोर मीच घेतलं, दिवसभर कोणाला हात लावू द्यायचा न्हाई असं ठरवून. रडलं. पाळण्यात टाकलं, रडलं. घुटी दिली, ती माझ्याच लुगड्यावर काढली. पाच लेकरं वाढवली मी, मला शिकवतं! नंदा दारात उभी, आत्याबाई, द्या इकडं म्हणे. दिलं न्हाई. मंग बद्रीनाथ दुकानातून आला, हात न धुता पोर उचललं. पोर गप्प.

पोटात वारा होता. तो निघायची वेळच झाल्ती.

श्रावण शुद्ध २

सकाळी गाडी जुंपली. पोर बद्रीनाथच्याच मांडीवर, नंदा ऐटीत रिकाम्या हातानं बसलेली. दोघं पाया पडायला उतरले तेव्हा मी त्यांना ठणकावून सांगितलं, मंठ्याला ये म्हणून माझ्या मागं लागायचं न्हाई. किती निरोप धाडा, किती हातापाया पडा, मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाई. बरं म्हणाले.

ओट्यावर उभी राह्यले. गाडी वळेस्तोवर.

कोणी ये म्हणलं न्हाई.