डब्याची मादी

२४ नोव्हेंबर २००४

मुंबईचा दुकानदारही नाही म्हणाला. हेडफोन चांगला, ॲम्प्लिफायर तयार, आणि अडलंय कशावर — पाच पिनांच्या कनेक्टरच्या एका जोडीवर!

हा हेडफोन अब्बांना किल्लारीला मिळाला. भूकंपानंतर मदतीला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरचा जनरेटर त्यांनी दुरुस्त केला, त्याची भेट. सोबतचा ॲम्प्लिफायरचा डबा जळाला, वायरीचं टोकही वितळलं, तेव्हापासून तो कपाटात. साध्या ॲम्प्लिफायरवर चालत नाही, पाचशे ऐंशी व्होल्ट लागतात. सर्किटची आकृती मी सायबर कॅफेतून आणली, जोडणी अब्बांनी केली. लाउडस्पीकरचं दुकान बंद केल्यापासून इतके खुशीत ते कधी दिसले नव्हते.

नांदेडच्या ईश्वरप्पांकडे जुना मिलिटरीचा माल असतो म्हणे. शनिवारी जाते.

२७ नोव्हेंबर

लिहितानाही लाज वाटते.

नियम साधा आहे. जिकडून वीज येते तिकडे मादी, म्हणजे भोकांची, करंटला हात लागू नये म्हणून. वायरीला नर, पिनांचा. बाजारात सगळे असंच म्हणतात. पण काउंटरवर माझ्याच क्लासची दोन पोरं, वडिलांसोबत, उभी! ईश्वरप्पांनी भर दुकानात विचारलं, "मॅडम, डब्याला मादी लागंल ना? लई चांगली हाय बघा, एकच उरलीय."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "नको. डब्याला नर द्या, वायरीला मादी."

"उलटं होतंय की."

"मला माहीत आहे मला काय पाहिजे ते."

क्लासात माईकवर शंभर पोरांना फिजिक्स शिकवते मी. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

२८ नोव्हेंबर

डब्यावर नर मीच बसवला. डब्यातून पाच पिना उघड्या बाहेर आल्यात. अब्बांनी वाकून पाहिलं.

"बेटा, ये तो उल्टा है. दुसरा नहीं था?"

"नव्हता," मी म्हणाले.

अम्मीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण पिनांवर घातलं. हेडफोन काढला की टोपण लावायचं, असं ठरलं. मग अब्बा डोळे मिटून कव्वाली ऐकत बसले. "सुमय्या, तबलेवाले की उंगली तक सुनाई देती." मला काही तिथे उभं राहवेना.

३० नोव्हेंबर

उद्या अब्बांना खरं सांगते.

३ डिसेंबर

जेवताना अब्बा म्हणाले, "कुछ बोलना है क्या?" टेस्ट सिरीजचं टेन्शन आहे, असं मी म्हणाले.

५ डिसेंबर

डबा गरम व्हायला चालू ठेवून मी फोन घ्यायला गेले. अम्मी तिकडे फडकं मारत होती. आपल्या बाटलीचं टोपण दिसलं म्हणून तिने उचललं.

किंचाळली नाही. नुसता पडल्याचा आवाज आला.

शुद्धीवर आहे. उजव्या हाताची बोटं भाजली, अंगठ्याचं हाड दिसतंय. याच हाताने ती आख्ख्या गल्लीचे ब्लाऊज शिवते. डॉक्टरांनी विचारलं, असं उघडं कुणी बसवलं? मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "मी. चूक माझी."

आणि मी गप्प बसले. मला माझीच किळस येते.

८ डिसेंबर

शेजारचे साहेबराव भेटायला आले. बाहेर जाताना अब्बांबद्दल मला म्हणाले, "करीमभाईचा हात आता चालंना. त्यास्नी करंटच्या कामाला हात लावू देऊ नका." आयुष्यभर लोकांचे माईक दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल! मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

११ डिसेंबर

मी नांदेडला गेले. दुकान भरलेलं होतं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "मागच्या वेळी मी लाजले. डब्याची मादी द्या."

ईश्वरप्पा म्हणाले, "ती तर तुमचे अब्बा घेऊन गेले की. मागच्या आठवड्यात, गुरुवारी. तुम्हीच नको म्हणला ते मी सांगितलं त्यास्नी. म्हणले, पोरगी आपण होऊन बोलंल, तवर मी आल्तो म्हणून सांगू नका."

त्या गुरुवारी अब्बा उदगीरला मामूकडे जातो म्हणून गेले होते. अम्मीला शॉक बसला तो रविवारी.

म्हणजे मादी तीन दिवस घरातच होती. अब्बा मी बोलायची वाट बघत होते.